बंदुकीचा घास

कुणाच्या घरी गेल्यावर यजमानीणबाईंनी "चहात साखर किती घालू?" असं विचारलं, की माझा मामा अगदी सरळ चेहऱ्यानं सांगायचा, "साठ ग्रेन." बाई साखरेचा डबा हातात धरून तशाच उभ्या राहायच्या. मग मामी खालच्या आवाजात म्हणायची, "एक चमचा घाला हो, सपाट. यांच्याकडे लक्ष देऊ नका." ग्रेन हे बंदुकीची दारू तोलायचं माप, गुंजेच्या साधारण निम्म्यानं. मामाच्या डोक्यात जगातली प्रत्येक वस्तू याच मापानं तोलली जायची. मीठ, हळद, दाताचं मंजन, सगळं ग्रेनमध्ये. ठाकूरद्वारच्या त्यांच्या वाडीत त्याचं खरं नाव टपालवाल्याखेरीज कुणाला आठवत नसे. सगळ्यांचा तो ग्रेनमामा.

पण खरा घोटाळा व्हायचा तो 'दारू' या शब्दानं. मामा गॅलरीत उभा राहून फोनवर मोठ्यानं बोलायचा, "सुभेदार, मागच्या रविवारी दारू जरा जास्तच झाली. या खेपेला कमी घेऊ या." सुभेदार म्हणजे पनवेलच्या पुढे एका डोंगराच्या पायथ्याशी जी रायफल रेंज आहे ती सांभाळणारे, लष्करातून निवृत्त झालेले गृहस्थ. वाडीला हे कुठून ठाऊक असणार? समोरच्या बिऱ्हाडातल्या काकूंनी एकदा मामीला जिन्यात गाठून तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "सुमन, तुझे मिस्टर पूर्वी असे नव्हते गं." मामी म्हणाली, "नव्हते ना. पण आता निदान मोजून तरी घेतात."

मामा विमा कंपनीत कारकून म्हणून लागला आणि अधिकारी होऊन निवृत्त झाला. त्याच्याकडे आप्पांची, म्हणजे त्याच्या वडिलांची आणि माझ्या आजोबांची, शिकारीची जुनी रायफल होती. एके काळी डहाणूकडे आमची थोडी जमीन होती. जमीन गेली, रायफल उरली. आप्पांच्या मागे तिचा परवाना मामाच्या नावावर झाला. शिकारबंदी तर कधीच आली होती, आणि नसती आली तरी मामाच्या हातून काही मेलं नसतं. स्वयंपाकघरात झुरळ निघालं की हा बंदूकवाला गृहस्थ खुर्चीवर चढून बसायचा आणि "अगं, ये गं" म्हणून मामीला हाका मारायचा. मामी चप्पल घेऊन यायची.

"मग बंदूक कशाला हवी हो तुम्हाला?" ती विचारायची.

"ती सरळ मारते की नाही ते बघायला," मामा म्हणायचा.

आणि हेच बघण्यात त्याची निवृत्तीनंतरची सगळी वर्षं गेली. काडतुसाचे भाग चार. पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी ठिणगी पाडणारी टोपी, आत दारू आणि तोंडाशी गोळी. दुकानातलं काडतूस कुठल्याही बंदुकीत चालावं म्हणून बनवलेलं असतं. मामाला ते फक्त आपल्या एका बंदुकीसाठी बनवायचं होतं. "प्रत्येक बंदुकीचा आपला घास असतो," तो म्हणायचा. "एकीला मऊ भात लागतो, एकीला भाकरी. मुलीला नको ते वाढायचं आणि मग ती जेवत नाही म्हणून ओरडायचं, हे बरोबर नाही." यावर मामी म्हणायची, "मला काय आवडतं ते लग्नाला एवढी वर्षं झाली तरी कळलेलं नाही. बंदुकीचं मात्र कळायला हवं."

काडतुसं भरायची परवानगी रेंजला होती, मामाला नव्हती. त्यामुळे दारूला हात लागायचा तो रेंजवरच्या कुलपाच्या खोलीत, सुभेदारांच्या डोळ्यांदेखत. घरी यायच्या त्या फक्त झाडून झालेल्या रिकाम्या पुंगळ्या. मामा त्या आमसुलाच्या पाण्यात भिजत घालून लखलखीत करायचा. मामीच्या बरणीतली आमसुलं कमी झाली की घरात महायुद्ध व्हायचं. मग एकेक पुंगळी सोनाराच्या नाजूक तराजूत तोलून सारख्या वजनाच्या वेगळ्या काढायच्या. तराजू वाऱ्यानं हलायचा, म्हणून पंखा बंद. भर मे महिन्यात, गिरगावात, तिसऱ्या मजल्यावर पंखा बंद! घरात कुणी चालायचं नाही, कारण जुन्या लाकडी तक्तपोशीवर पाऊल पडलं की काटा थरथरायचा. मी एकदा जेवायला गेले तर मामी दारातच ओठांवर बोट ठेवून उभी. कुणी आजारी आहे की काय म्हणून मी घाबरून आत डोकावले, तर मामा चिमट्यात पुंगळी धरून श्वास रोखून बसलेला. "ये," तो कुजबुजला, "पण पाय टेकवू नकोस."

तेव्हा तो रेंजवर टॅक्सीनं जायचा. रायफलची लांबलचक पेटी बघून टॅक्सीवाल्यांना ते एखादं वाद्य वाटायचं. एकानं विचारलं, "काका, प्रोग्राम किधर है?"

"पनवेल के आगे."

"पब्लिक आती है?"

"आती है. लेकिन कान ढक के बैठती है," मामा म्हणाला.

मी परळला राहायला आले, गाडी घेतली आणि रविवारी त्याला नेणं माझ्याकडे आलं. पहिल्या रविवारी त्यानं दुकानातली काडतुसं झाडली. तोवर तो उभ्यानंच मारायचा, त्यामुळे चूक हाताची की बंदुकीची ते कळत नसे; आज प्रथमच टेबलाशी बसून, बंदूक वाळूच्या पिशवीवर टेकवून, अगदी सावकाश. सुभेदारांनी दुर्बिणीतून बघून मान हलवली. "काका, सगळ्या डावीकडे. वीतभर. आणि पसरल्यात पण केवढ्या! लाह्या फुटाव्यात तशा."

मामा ताडकन उठला. कानांवरचं झाकण काढून फेकलं आणि माझा हात धरून लहान मुलासारखा म्हणाला, "डावीकडे! ऐकलंस ना? डावीकडे म्हणाले!" नेम एवढा चुकल्यावर इतका आनंद झालेला माणूस मी पहिल्यांदाच बघत होते.

परतीच्या वाटेवर त्यानं कारण सांगितलं. गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना पाठ होती, पण मी ती मामाच्या तोंडून कधी ऐकली नव्हती. शिकारबंदीच्या आधी डहाणूकडे एक रानडुक्कर शेतं उकरत होतं, एका माणसाला त्यानं मांडीत फाडलंही होतं. गावानं आप्पांना बोलावलं. बरोबर पुतण्या होता, बाळनाना, तेव्हा कॉलेजात शिकणारा. आप्पांनी नेम धरून गोळी झाडली. ती लागली नाही, आणि डुक्कर उलट त्यांच्यावरच आलं. बाळनाना झाडावर चढला आणि आप्पा पळत जाऊन ओढ्यात पडले. चष्मा वाहून गेला. घरी आल्यावर आप्पा एवढंच म्हणाले, "बंदूक डावीकडे मारते." त्यावर कुणी विश्वास ठेवला नाही. घाबरून हात हलला असणार, हे सगळ्यांनी ठरवून टाकलं. तेव्हापासून नात्यात ते 'ओढ्यातले आप्पा' झाले. प्रत्येक लग्नात, पंगती उठल्या की बाळनाना धोतराचा काचा मारून पळायची नक्कल करायचा आणि हॉल हसून लोळायचा.

"आप्पासुद्धा हसायचे गं," मामा म्हणाला. "सगळ्यांपेक्षा मोठ्यानं. मग घरी आलं की चपला न काढता तसेच खुर्चीत बसून राहायचे. आई जेवायला बोलवायची तर ऐकू जायचं नाही." त्यानं खिडकीची काच खाली केली. "आता अर्धं काम झालं. डावीकडे मारते हे कळलं. पण ती बंदूकच वाकडी आहे, की तिला घास चुकीचा मिळत होता, ते बघायचंय. वाकडी बंदूक घेऊन गेले असतील तर दोष त्यांचा. वाकडी नसेल तर कुणाचाच नाही."

सुभेदारांचा उपाय सोपा होता. "काका, नळीच्या टोकावरची नेमाची माशी थोडी सरकवा. गोळी मध्यात येईल." मामा ऐकायचा नाही. "गोळ्या जागा बदलतील, पण पसरतील तशाच ना? मला त्यांचं भांडण मिटवायचंय सुभेदार, त्यांची खोली नाही बदलायची."

मग सुरू झालं ते एका वेळी एकच गोष्ट बदलणं. हे मामाचं ब्रीद. दारू बदलली तर गोळी तीच ठेवायची. गोळी पुंगळीत केसभर आत बसवली तर दारूला हात लावायचा नाही. नाहीतर कशानं काय झालं ते कळणार कसं? हा नियम तो सगळीकडे लावायचा. ताप आला आणि डॉक्टरांनी दोन औषधं दिली, तर यानं आधी एकच घेतलं. आमटी बिघडली की मामीला उलटतपासणी, "आज डाळ बदललीस की गूळ?" मी नोकरीला आणि पुण्याच्या एका स्थळाला एकदमच कंटाळले होते, तेव्हाही तो म्हणाला, "आधी नोकरी बदल. त्यानंतरही मुलगा नकोसा वाटला तर दोष मुलाचा." मी नोकरी बदलली. मुलगा तरीही नकोसाच वाटला. मामानं समाधानानं मान डोलावली, जणू एक चाचणी नीट पार पडली होती.

त्याचा दुसरा हट्ट असा, की चुकलेली गोळी मोजायचीच. चार गोळ्या एकमेकींना चिकटून आणि पाचवी लांब गेली की सुभेदार म्हणायचे, "ती सोडा काका, तुमचा श्वास हलला."

"सोडू कशी? ती काय शेजाऱ्यांनी मारली?"

"अहो, पण बाकीचा घोळका बघा किती सुंदर आलाय!"

"चार पोरं शहाणी निघाली म्हणून पाचवं आपलं नाही म्हणता येईल का?" असं म्हणून मामा सुंदर निकालावर स्वतःच काट मारायचा आणि आम्ही पुढच्या रविवारची तयारी करायचो.

मध्येच निवडणूक आली की सगळ्याला खीळ बसायची, कारण परवान्याच्या बंदुका चौकीत जमा कराव्या लागतात. मामा दर दोन दिवसांनी तिथे चक्कर मारायचा. दमट हवेनं नळी गंजेल म्हणून तेलाचा फडका घेऊन. तिथले हवालदार त्याला लांबूनच बघून ओरडायचे, "मामा, खुशाल आहे हो! रात्री रडली नाही!"

असं चालता चालता एक दिवस मामाच्या उजव्या हाताला कंप सुटला. आधी कपबशी वाजायला लागली. मग तराजूचा काटा त्याच्या नुसत्या श्वासानं नाही, तर बोटांनी हलायला लागला. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं आणि हे वाढतच जाईल असंही सांगितलं. मामा नेहमीसारखाच घरी आला, जेवला आणि मला म्हणाला, "घोटाळा झाला गं. घास सापडल्यासारखा वाटतोय, पण आता भरवणारे हातच हलतात. परवानासुद्धा पुढे मिळायचा नाही."

सुभेदार म्हणाले, "मी मारतो की." मामानं नको म्हटलं. "तुम्ही काठीनंसुद्धा नेम साधाल. मग लोक म्हणतील, नेम सुभेदारांचा. आप्पांसारखं साधं माणूस हवं." मी मारून बघितली. आवाज व्हायच्या आधीच माझे डोळे मिटायचे. मग मामाची नजर मामीकडे वळली.

"मी? तुमचं डोकं ठिकाणावर आहे ना?" मामी म्हणाली.

"मांदेली साफ करताना तुझा हात कधी हलत नाही."

"मांदेली धडाका करत नाही हो!"

दोन दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मला फोन आला, "रविवारी साडी चालेल का गं, की पंजाबी ड्रेस घालू?"

सुभेदारांनी तिला दोन रविवार शिकवलं. कुणीही न सांगता तिनं खांद्याशी टॉवेलची घडी ठेवली. आपल्याला नियम कळलाय हे दाखवायला तिनं मामालाच बजावलं, "माणूस तेच, बंदूक तीच, पिशवी तीच. बदलायचं ते फक्त काडतूस. बरोबर ना?"

तिनं आधी दुकानातली काडतुसं झाडली. सगळ्या गोळ्या डावीकडे, पसरलेल्या, पहिल्या दिवसासारख्याच. मग मामानं भरलेली. कंप सुटल्यापासून दारू तो तोलायचा नाही, सुभेदार तोलायचे आणि हा मागे उभा राहून काटा बघायचा. पाच गोळ्या मामीनं सावकाश झाडल्या. प्रत्येक गोळीनंतर ती मान न वळवता "हं" म्हणायची. रेंज थांबवून सुभेदार स्वतः चालत गेले आणि कागद घेऊन परत आले. कागद त्यांनी टेबलावर ठेवला. मध्याला चिकटून पाच भोकं. वर आठ आण्याचं जुनं नाणं ठेवलं असतं तर पाचही झाकली गेली असती. एकही काढून टाकावी लागणार नव्हती.

मामानं कागदावर हात ठेवला. हात थरथरत होता, त्यामुळे कागदही फडफडत होता. "आप्पा खोटं बोलले नव्हते," तो म्हणाला. "आणि बंदूकही वाकडी नव्हती. दोघांनाही उगाच..." मामी म्हणाली, "अहो, खांदा दुखतोय माझा. कुणीतरी बघा तरी."

त्या हिवाळ्यात दादरच्या एका हॉलमध्ये आमच्या मावसभावाचं लग्न होतं. बाळनाना आता नव्वदीकडे झुकलेला, कानात यंत्र, हातात काठी. पळण्याची नक्कल आता जमत नव्हती, पण तोंडानं ओढा तसाच वाहत होता. पंगतीत त्यानं सुरुवात केली आणि मामा ताटावरून उठला.

"नाना, बंदूक डावीकडे मारत होती. आप्पांचा नेम बरोबर होता."

"काय?" नानानं कानाचं यंत्र चाचपलं.

"आप्पांचा नेम बरोबर होता!" मामा ओरडला. श्रीखंड वाढणारा पळी हातात घेऊन उभा राहिला.

नानानं समोरची वाटी बाजूला सारली. मग म्हणाला, "नेमाचं मला माहीत नाही रे. पण ते घाबरले नव्हते, हे मला माहीत आहे."

"म्हणजे?"

"झाडावर मी आपला आपण नाही चढलो. मला चढता येतच नव्हतं. आप्पाकाकांनी बंदूक खाली टाकली आणि मला खांदा दिला. मी वर पोचलो तेव्हा डुक्कर अगदी जवळ आलं होतं. त्यांना ओढ्याशिवाय जागाच उरली नाही."

"आणि हे तू आजवर बोलला नाहीस?"

"घरी आल्यावर माझ्या वडिलांनी विचारलं, काय झालं. मी तोंड उघडायच्या आत आप्पाकाका म्हणाले, मी पळालो. का म्हणाले कुणास ठाऊक. मला बोलणी बसू नयेत म्हणून असेल. मग लोक हसायला लागले. लोक हसतायत म्हटल्यावर मी जास्तच रंगवून सांगायला लागलो. आणि एकदा रंगवल्यावर..." नानानं काठी घट्ट धरली. "ते माझ्याकडे बघून हसायचे रे. प्रत्येक वेळी. मला वाटायचं, त्यांना चालतंय."

मामा त्याच्यासमोर उभाच होता. मला वाटलं, आता काहीतरी भयंकर होणार. "गाढवा!" मामा म्हणाला. आपल्यापेक्षा इतक्या वर्षांनी मोठ्या चुलतभावाला, भर पंगतीत. "एवढं आधी बोलला असतास तर माझी केवढी मेहनत वाचली असती!"

"मग इतके रविवार तू काय केलं असतंस?" नाना म्हणाला.

मामा हसायला लागला. इतका हसला, की मामीनं त्याला धरून खुर्चीत बसवलं. नाना शेजारी येऊन बसला, आणि मामाचा चमचा हलतोय हे बघून त्यानं न विचारता श्रीखंडाची वाटी उचलून त्याच्या तोंडाजवळ धरली. दोघंही रडत होते की हसत होते ते सांगता येणार नाही. वाढपी एकदाचा पुढच्या पानाकडे गेला.

पुढच्या पावसाळ्याच्या शेवटी मामा गेला. परळच्या हॉस्पिटलात, दुपारी, मामी त्याच्या पायांना तेल लावत असताना. जायच्या आदल्या दिवशी त्यानं नर्सला गोळीचं वजन विचारलं होतं. तिनं मिलिग्रॅममध्ये सांगितलं, तर त्यानं मनातल्या मनात हिशेब करून मान हलवली. मामी सगळं शांतपणे करत राहिली. कागदपत्रं, भेटायला आलेली माणसं, त्यांचे चहा. वाडीतल्या बायका एकमेकींत म्हणाल्या, सुमन फार खंबीर.

रायफल रीतसर परवानगी काढून रेंजवरच्या एका नेमबाज मुलीच्या नावावर झाली. ती एक दिवस पेढे घेऊन मामीला भेटायला आली. बसली, इकडचं तिकडचं बोलली आणि मग संकोचत म्हणाली, "काकू, हिच्यासाठी काडतुसं भरताना मी कुठून सुरुवात करू? सुभेदार म्हणाले, तुम्हाला विचार."

मामीनं तिला आधी पोहे दिले. मग आमटीचा डाव असा तिच्यापुढे आडवा धरून नळी म्हणजे काय, गोळी किती आत बसवायची, दमट हवेत काय बिघडतं, मामा कुठे फसला आणि कसा सावरला, हे सगळं ती सांगत बसली. मुलगी घाईघाईनं फोनवर टिपत होती. मी शेजारी बसून ऐकत होते. मामीला यातलं एवढं सगळं माहीत असेल असं मला कधी वाटलं नव्हतं, आणि मला वाटतं मामालाही वाटलं नसेल. संध्याकाळ झाली. मुलगी निघाली, जिना उतरली. मामीनं दार लावलं, परत येऊन पोह्याच्या बशा उचलल्या, पुन्हा खाली ठेवल्या आणि माझ्या शेजारी बसली.

"सगळं सांगितलं ना गं मी?" तिनं विचारलं. "काही राहिलं नाही ना?"

"नाही राहिलं, मामी."

"हं," ती म्हणाली, आणि मामा गेल्यानंतर त्या दिवशी पहिल्यांदा रडली.